मॅक्बेथमधली नावं: बँको बनावट, बाईचं नाव मात्र खरं

पानगळ (धागाकर्ती)

नाटकांच्या धाग्यावर परवा कुणीतरी लिहून गेलं की 'मॅक्बेथ ऐतिहासिक नाटक आहे, त्यातली सगळी माणसं होऊन गेलेली'. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

नाटक १६०६ च्या आसपासचं, छापलं गेलं १६२३ साली, म्हणजे शेक्सपिअर गेल्यावर सात वर्षांनी. गोष्ट मात्र अकराव्या शतकातल्या स्कॉटलंडची. थोडक्यात अशी: चेटकिणींचं भविष्य ऐकून आणि बायकोच्या चिथावणीने मॅक्बेथ हा सरदार घरी आलेल्या डंकन राजाचा खून करून गादी बळकावतो, आणि वंशज राजे होतील असं भविष्य मिळालेल्या मित्राला, बँकोला, मारवतो. मधल्या साडेपाचशे वर्षांत ती इतक्या हातांतून गेली की घरचे कोण आणि नंतर घुसलेले कोण हे ओळखायचं तर एकेक नाव धरून मागे जावं लागतं. तसं गेलं की एक उफराटा प्रकार दिसतो. ज्याच्या वंशातल्या राजांची अख्खी मिरवणूक रंगमंचावरून काढली आहे तो बँको कधी जन्मलाच नाही. आणि जिला नाटकात स्वतःचं नाव नाही, तिचं नाव एका दानपत्रात नवऱ्याच्या शेजारी लिहिलेलं आहे. 'लेडी मॅक्बेथ' हेसुद्धा नंतर रूढ झालेलं. १६२३ च्या प्रतीत ती 'मॅक्बेथची बायको' म्हणून प्रवेश करते आणि संवादांच्या आधी नुसतं 'लेडी'.

आधी मॅक्बेथच घेऊ. स्कॉटिश आडनावातल्या 'मॅक'चा अर्थ मुलगा, त्यामुळे हा कुणा बेथचा मुलगा असावा असं वाटतं. तसं नाही. मूळ गेलिक नाव मॅक बेथाद, 'जीवनाचा पुत्र', म्हणजे धर्माने चालणारा सज्जन. पाळण्यात ठेवलेलं नाव आहे हे! बापाचं नाव फिन्लेख, म्हणून पूर्ण नाव मॅक बेथाद मॅक फिन्लेख. हा फिन्लेख उत्तरेकडच्या मोरे परगण्याचा मॉर्मेर होता. मॉर्मेर म्हणजे प्रांताचा धनी, आपल्याकडच्या मोठ्या वतनदारापेक्षा बराच वरचा, राजाच्या जवळपास. (मोरे हे नकाशावरचं स्पेलिंग. तिथले लोक 'मरी' म्हणतात. जावळीच्या मोऱ्यांशी संबंध जोडू नये, ही आगाऊ विनंती.) १०२० साली फिन्लेखला त्याच्या सख्ख्या पुतण्यांनी मारलं. म्हणजे भाऊबंदकीची सुरुवात डंकनच्या आधी वीस वर्षांची आहे.

आता डंकन. नाटकातला डंकन म्हातारा, सोज्वळ; झोपेत चालणारी लेडी मॅक्बेथ म्हणते ना, की म्हाताऱ्याच्या अंगात एवढं रक्त असेल असं कुणाला वाटलं होतं. खरा डंकन, डोन्नख मॅक क्रिनान, १०३४ मध्ये गादीवर आला आणि १०४० मध्ये मेला तेव्हा तरणा होता. अकाली गेला असंच जुन्या नोंदींत म्हटलंय. मरण्याआधी त्याने इंग्लंडात डरहॅमला वेढा घालून सपाटून मार खाल्ला होता. मग तो सैन्य घेऊन उत्तरेत, मॅक्बेथच्या मुलखात शिरला आणि एल्गिनजवळ मारला गेला. तारीख १४ ऑगस्ट. पाहुणा म्हणून आला नव्हता, चाल करून आला होता.

मग ती रात्र, ते दारू पाजून झोपवलेले पहारेकरी, यजमानाच्याच घरात झालेला खून, हे कुठून आलं? शेक्सपिअरच्या टेबलावर होलिनशेडचा इतिहास होता, १५८७ ची दुसरी आवृत्ती. त्यात डंकनच्या काही पानं आधी दहाव्या शतकातल्या डफ राजाची हकिगत आहे. फॉरेसच्या किल्ल्याचा किल्लेदार डॉनवाल्ड. त्याच्या नातेवाइकांना राजाने फासावर चढवलं, त्याचा राग मनात. बायको कान भरते: राजा इथेच तर उतरलाय, हाताशी माणसं आहेत, वाट कसली बघतोस. खोलीवरच्या दोन सेवकांना भरपूर पाजलं जातं, राजाचा गळा चिरला जातो, आणि सकाळी डॉनवाल्ड संतापाचं सोंग घेऊन त्या दोन सेवकांनाच कापून काढतो. पुढे अपशकुनही आहेत: घोडे स्वतःचं मांस खातात, घुबड ससाण्याला मारतं. नाटक वाचलेल्यांनी हे ताडून पाहावं. डंकनच्या नावाखाली डफचा खून आहे, आणि लेडी मॅक्बेथच्या तोंडी डॉनवाल्डच्या बायकोची चिथावणी. त्या बाईलाही होलिनशेडने नाव दिलेलं नाही.

खुद्द मॅक्बेथच्या बायकोबद्दल होलिनशेड जेमतेम एक वाक्य खर्च करतो. ती नवऱ्याच्या मागे लागली होती, फार महत्त्वाकांक्षी होती, राणी म्हणवून घ्यायच्या इच्छेने पेटली होती. संपलं.

आणि कागदपत्रं काय सांगतात? लॉख लेव्हन नावाच्या तळ्यातल्या बेटावर साधूंचा एक मठ होता. त्याला कर्कनेस नावाची जमीन दान दिल्याची लॅटिन नोंद सेंट अँड्र्यूजच्या मठाच्या दफ्तरात उतरून ठेवलेली आहे. दान देणारे दोघं: फिन्लेखचा मुलगा मॅक्बेथ आणि बोधेची मुलगी ग्रुओख, 'स्कॉट लोकांचा राजा आणि राणी'. नवऱ्याच्या जोडीने, बापाच्या नावासकट आणि राणी या पदासकट. हा बोधे राजा केनेथच्या घराण्यातला, म्हणजे राजरक्त तिच्याही अंगात.

तिचा पहिला नवरा गिला कोमगाइन, मोरेचाच मॉर्मेर, फिन्लेखला मारणाऱ्या पुतण्यांच्या घरातला. १०३२ मध्ये तो ५० माणसांसकट जाळून मारला गेला. कुणी जाळलं ते नोंदीत नाही, पण पुढे मोरेही मॅक्बेथकडे आलं आणि ग्रुओखही. त्यानंतरच्याच वर्षी, १०३३ मध्ये, बोधेच्या वंशातला एक पुरुष राजा दुसरा माल्कम याने मारला. हा माल्कम डंकनचा आजोबा. आता सांगा, नवरा जळालेला, माहेरचा माणूस राजाच्या हातून गेलेला, पदरात लहान मुलगा. अशा बाईला राजघराण्यावर डूख धरायला चेटकिणींची गरज कशाला?

बँकोबद्दल सविस्तर खाली प्रतिसादात लिहिते, लेख फार लांबला.


तिखटमीठ

वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.


खडूस_काका

लेख आवडला. एक शंका. हा होलिनशेड म्हणजे आपल्या बखरकारांसारखाच दिसतो, ऐकीव गोष्टी रंगवून लिहिणारा. मग त्याच्यावर भिस्त ठेवणाऱ्या शेक्सपिअरला नावं ठेवायची की होलिनशेडला?


पानगळ (धागाकर्ती)

@काका, नावं दोघांनाही ठेवायची नाहीत. होलिनशेड माळेतला शेवटचा मणी आहे. आधी चौदाव्या शतकात जॉन ऑफ फोर्डन, मग १४२० च्या सुमारास अँड्र्यू विंटनचा पद्य इतिहास, मग १५२७ मध्ये पॅरिसला छापलेला हेक्टर बोईसचा लॅटिन इतिहास, त्याचं बेलंडनने केलेलं स्कॉट्स भाषांतर, आणि त्यावरून होलिनशेड. प्रत्येकाने थोडी भर घातली. मॅक्बेथचा डन्सिनेनचा किल्ला आणि त्याच्यावर चालून येणारं बर्नम वन विंटनकडे दिसतात. नाटकात शेवटी मॅक्बेथला मारणारा मॅकडफ फोर्डनकडे. बँको बोईसकडे.

बोईस ॲबर्डीनच्या किंग्ज कॉलेजचा प्रमुख होता, पुस्तक त्याने राजा पाचव्या जेम्सला अर्पण केलेलं. राजघराणं स्टुअर्ट. स्टुअर्ट हे मुळात हुद्द्याचं नाव, राजवाड्याचा कारभारी. हुद्द्यावरून आडनाव पडलेल्या घराण्याला प्राचीन मूळपुरुष हवा असतो, तो बोईसच्या ग्रंथात हजर झाला: लोखाबरचा ठाणेदार (मूळ शब्द 'थेन', राजाच्या हाताखालचा सरदार) बँको. त्याचा मुलगा फ्लीअन्स वेल्सला पळतो, तिथल्या राजकन्येपासून त्याला वॉल्टर होतो, वॉल्टर स्कॉटलंडला परत येऊन कारभारी बनतो आणि तिथून स्टुअर्ट वंश सुरू. बोईसच्या आधीच्या एकाही साधनात बँको नाही, फ्लीअन्स नाही.

या वंशावळीतला वॉल्टर तेवढा खरा! वॉल्टर फिट्झ ॲलन, राजा पहिला डेव्हिड याचा कारभारी. पण त्याचं घराणं ब्रिटनीतल्या डॉल गावचं, फ्रान्सच्या टोकाकडून आलेलं. आजोबाचं नाव फ्लाल्ड. 'फ्लाल्ड'मधून 'फ्लीअन्स' निघाला असावा असं म्हणायचा मोह होतो. हे ब्रिटनीचं मूळ जे. होरेस राउंड या वंशावळींच्या अभ्यासकाने १९०१ मध्ये मांडलं. तोपर्यंत बँको अनेकांच्या वंशवृक्षात ऐटीत बसलेला होता.


नेपथ्य

पानगळताई, थोडी रंगभूमीची बाजू मांडतो. वंशावळ खोटी असेल, पण नाटकात बँको काय काम करतो ते बघा. होलिनशेडमध्ये तो डंकनच्या खुनात सामील आहे. मॅक्बेथ आपला बेत ज्या विश्वासू मित्रांना सांगतो त्यांत बँकोचं नाव पहिलं. शेक्सपिअरने हे काढून टाकलं. १६०३ पासून इंग्लंडच्या गादीवर पहिला जेम्स होता, तोच स्कॉटलंडचा सहावा जेम्स, स्टुअर्ट, आणि शेक्सपिअरची कंपनी त्याच्या नावाने चालत होती. राजाचा मूळपुरुष खुनी दाखवला असता तर कंपनीचं काय झालं असतं ते सांगायला नको. सगळे एवढंच सांगून थांबतात.

मला वाटतं यात नाटककाराचा फायदा जास्त झाला. दोघांनी एकच भविष्य ऐकलं. एकाने खून केला, दुसरा मनातल्या मनात चाळवला पण हात आखडून राहिला. बँकोलाही रात्री झोप येत नाही, त्यालाही वाईट विचार सतावतात, हे दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला स्पष्ट आहे. त्यामुळे मेजवानीत त्याचं भूत खुर्चीत येऊन बसतं तेव्हा अंगावर येतं. साथीदाराच्या भुताला तो भाव आला नसता.

आणि मिरवणुकीबद्दल. चेटकिणी आठ राजे दाखवतात. स्टुअर्ट राजे मोजा: दुसरा रॉबर्ट, तिसरा रॉबर्ट, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत जेम्स, हे झाले सात. मधल्या मेरी राणीला, सहाव्या जेम्सच्या आईला, वगळलं (तिचं मुंडकं इंग्लंडनेच उडवलं होतं, दरबारात तो विषय कोण काढणार) की आठवा येतो तो प्रत्यक्ष समोर बसलेला सहावा जेम्स.


तिखटमीठ

@नेपथ्य, समोर बसलेला म्हणजे? दरबारात प्रयोग झाल्याचं कुठे नोंदलंय?


नेपथ्य

रीतसर नोंद दरबारातल्या प्रयोगाची नाही. सर्वांत जुनी नोंद सायमन फॉर्मन या वैद्य-ज्योतिष्याची, त्याने १६११ मध्ये ग्लोबला पाहिलं आणि वहीत कथानक उतरवून ठेवलं. 'समोर बसलेला' म्हणजे ज्याच्यासाठी लिहिलंय तो, अशा अर्थाने घ्या.

पण बँकोच्या नावाने जेम्सला खूश करायची कल्पना शेक्सपिअरची पहिली नव्हे. ऑगस्ट १६०५ मध्ये जेम्स ऑक्सफर्डला गेला तेव्हा सेंट जॉन्स कॉलेजच्या दारात मॅथ्यू ग्विनने लिहिलेला छोटासा लॅटिन प्रवेश झाला. तीन भविष्यवादिनी पुढे येऊन राजाला बँकोचा वंशज म्हणून मुजरा करतात. तीन बायका, तीन जयजयकार. नाटक त्यानंतरच्या वर्षातलं.


मुक्काम_डंडी

स्कॉटलंडमधल्या डंडीहून लिहितेय, त्यामुळे या धाग्यावर बोलायचा थोडा हक्क सांगते. बर्नम इथून गाडीने तासाच्या आत. टे नदीच्या काठाने चालत गेलं की 'बर्नम ओक' लागतो, जुन्या बर्नम वनातला उरलेला वृक्ष म्हणून दाखवतात. खोड तळाशी पोकळ, आत माणूस सहज उभा राहील. खालच्या फांद्या इतक्या लांब आणि जड झाल्यात की त्यांना लाकडी टेकू लावलेत, कुबड्यांवर उभा असल्यासारखा दिसतो. शेजारी सिकॅमोरचं एक प्रचंड झाड आहे, ते आकाराने याच्याहून रुबाबदार पण वयाने लहान, म्हणून त्याचा फोटो कुणी काढत नाही.

नावांशी संबंध म्हणाल तर तो नदीपलीकडे आहे. पुलावरून टे ओलांडली की डंकेल्ड. डंकनचा बाप क्रिनान हा या डंकेल्डच्या मठाचा ॲबट होता! ॲबट म्हणजे संन्यासी असं समजू नका. त्या काळात तिथे मठाधिपतीपद घराण्यात चालायचं, जमीनजुमला आणि हत्यारबंद माणसं बाळगून. डंकन मारला गेल्यावर पाच वर्षांनी, १०४५ मध्ये, हा क्रिनान मॅक्बेथच्या विरोधात उठला आणि लढाईत १८० माणसांसह पडला. आयरिश नोंदींत आकडा 'नऊ विसा' असा आहे.

म्हणजे नाटकात जे वन मॅक्बेथवर चालून येतं ते डंकनच्या बापाच्या मठासमोरचं वन आहे. शेक्सपिअरला हे ठाऊक असण्याचं कारण नाही, नाटकात क्रिनानचा उल्लेखही नाही. पण डन्सिनेनच्या लढाईत हे वन आणणाऱ्या विंटनला? तो तर इथल्याच लॉख लेव्हनच्या मठाचा प्रमुख होता. तोच मठ, ज्याला मॅक्बेथ-ग्रुओखने जमीन दिली.


पानगळ (धागाकर्ती)

@मुक्काम_डंडी, क्या बात! विंटन आणि लॉख लेव्हनचा धागा माझ्या लेखात जोडला नव्हता. आणि हे कळलं की विंटनचा सूर का वेगळा लागतो तेही समजतं. चेटकिणी तो स्वप्नात घालतो, डंकनला मॅक्बेथनेच मारलं असंही सांगतो, पण त्याच्या राज्यात सुबत्ता होती, धान्याला तोटा नव्हता हेही लिहून जातो. मठाला जमीन देणाऱ्याला अगदीच वाईट कोण म्हणेल.

खऱ्या मॅक्बेथने सतरा वर्षं राज्य केलं. १०५० मध्ये तो रोमला यात्रेला गेला आणि तिथे गोरगरिबांना पैसे बियाण्यासारखे फेकत गेला, असं त्याच्याच काळातल्या मारियानस स्कॉटस या भिक्षूने लिहिलंय. गादी डळमळीत असलेला राजा इतक्या लांब जात नाही. होलिनशेडनेसुद्धा पहिली दहा वर्षं चांगली गेली म्हणून कायद्यांची यादी दिलीय. शेक्सपिअरने ती दहा वर्षं कापली, खुनानंतर थेट घसरगुंडी.


घाटावरचा

एवढ्या नावांचा काथ्याकूट करून मिळवायचं काय? नाटक चांगलं आहे, पाहा आणि घरी जा.


खडूस_काका

@घाटावरचा, तुम्ही पाहून घरी गेलात का? नाही ना, इथेच बसलाय. मग बसा.


शिलालेख

मॅकडफबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी.

मॅकडफ घराणं खरं, फाइफचे अर्ल. राजाला राज्याभिषेकाच्या वेळी हाताला धरून आसनावर बसवायचा मान या घराण्याकडे होता. पण मॅक्बेथच्या काळात मॅकडफ नावाचा फाइफचा ठाणेदार असल्याचं समकालीन साधनांत काही नाही. तो पहिल्यांदा भेटतो फोर्डनकडे, घटनेनंतर तीनशेहून जास्त वर्षांनी. एवढा मोठा मान आपल्याला कसा मिळाला याची कथा मानकरी घराण्याला लागतेच. आपल्या पूर्वजाने डंकनच्या मुलाला, माल्कमला, गादी मिळवून दिली, म्हणून हा मान. गोष्ट तशी बेतल्यासारखी बसते. गंमत अशी की पानगळ यांनी वर सांगितलेला, डॉनवाल्डने मारलेला डफ राजा, त्याच नावावरून 'मॅकडफ' म्हणजे डफचा वंशज. एकाच नाटकात डफचा खून डंकनच्या नावाने होतो आणि डफच्या नावाचा माणूस त्याचा सूड घेतो.

आता बारकी नावं. लेनॉक्स, रॉस, मेंटीथ, अँगस, केथनेस हे सरदार नाटकभर येतात-जातात, कोण कोणता ते प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही. ही नावं कुठली? होलिनशेडमध्ये माल्कमच्या राज्यारोहणाचं एक वाक्य आहे: जे आधी ठाणेदार होते ते आता अर्ल झाले, जसे फाइफ, मेंटीथ, अथोल, लेनॉक्स, मरी, केथनेस, रॉस आणि अँगस. शेक्सपिअरने त्या एका वाक्यातून हवी तेवढी उचलली आणि नाटकाला सरदारमंडळ मिळालं. ती माणसं नव्हेतच मुळी, परगण्यांची नावं आहेत. नाटकाच्या शेवटी माल्कम 'ठाणेदारांनो, यापुढे तुम्ही अर्ल' म्हणतो ते याच वाक्यामुळे.

त्याच्याच पुढे होलिनशेड सांगतो की या काळात नवी आडनावं पडली, आणि त्या यादीत कॉडर, गॉर्डन, सीटन वगैरे येतात. शेवटच्या अंकात मॅक्बेथ ज्याला हाका मारतो, जो बाई गेल्याची बातमी आणतो, तो सीटन या यादीतून आलेला दिसतो. उच्चारताना ते 'सेटन'च्या, सैतानाच्या, इतकं जवळ जातं की नटांनी त्याचा फायदा घेतला नाही तरच नवल.


तिखटमीठ

शिलालेख, _/\_ 

नाटकात मॅक्बेथ ज्यांचा ठाणेदार असतो त्या ग्लॅमिस आणि कॉडरचं काय? दोन्ही किल्ले दाखवतात ना तिथे, 'मॅक्बेथचा किल्ला' म्हणून.


मुक्काम_डंडी

@तिखटमीठ, दाखवतात, तिकीटही घेतात. पण कॉडरचा किल्ला मॅक्बेथनंतर तीनशेच्या वर वर्षांनी बांधलेला. ग्लॅमिस तर राणी एलिझाबेथ (दुसरी) यांच्या आईचं माहेर, त्याला स्वतःच्या गोष्टी कमी नाहीत. मॅक्बेथ यातल्या कशाचाही ठाणेदार नव्हता, तो मोरेचा मॉर्मेर होता आणि ही पदवी ठाणेदाराच्या कितीतरी वरची.


शिलालेख

ग्लॅमिसवरून आठवलं. पहिल्या अंकात मॅक्बेथ म्हणतो की साइनेलच्या मृत्यूमुळे मी ग्लॅमिसचा ठाणेदार झालोच आहे. हा साइनेल कोण, तर त्याचा बाप. वर पानगळ यांनी बापाचं नाव फिन्लेख सांगितलं. फोर्डनकडे ते 'फिनेल'च्या जवळ गेलं. जुन्या हस्तलिखितांत आणि छपाईत लांब 'स' आणि 'फ' ही अक्षरं इतकी सारखी दिसतात की फरक एका आडव्या बारीक रेघेचा. कुठेतरी कुणाची तरी ती रेघ सुटली आणि फिनेलचा सिनेल, म्हणजेच नाटकातला साइनेल, झाला. मोडी वाचणाऱ्यांना हे दुखणं समजावून सांगायला नको. मॅक्बेथचा बाप आजही प्रत्येक प्रयोगात चुकीच्या नावाने मरतो.


नेपथ्य

एक नाव राहिलं, तेही खुनानंतर लगेचच्या द्वारपालाच्या प्रवेशात. दारुडा द्वारपाल नरकाचा पहारेकरी असल्याची नक्कल करत एकेकाला आत घेतो. पहिला गिऱ्हाईक 'फार्मर', गळफास घेतलेला शेतकरी. दुसरा शब्दच्छल करणारा, दोन्हीकडून शपथा घेणारा. १६०५ च्या नोव्हेंबरात पार्लमेंट उडवायचा दारूगोळ्याचा कट उघडकीस आला. त्यात हेन्री गार्नेट या जेझुइट पाद्र्याला मे १६०६ मध्ये फाशी झाली. खटल्यात त्याच्या शब्दच्छलावरच गदारोळ झाला होता, आणि त्याच्या टोपणनावांपैकी एक होतं फार्मर. तेव्हाच्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागलं नसणार.

मराठीत हे सगळं आणायचं तर पंचाईत होते. शि. म. परांजप्यांनी रूपांतराचं नावच 'मानाजीराव' ठेवलं. देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंजारराव' केला त्याच चालीवर. नाव बदललं की त्यामागचं स्कॉटलंड, स्टुअर्ट, फार्मर सगळं गळून जातं आणि उरतो तो लोभ आणि भीती. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मध्ये दुर्गा खोटे होत्या. ते वाचताना माझ्या मनात नेहमी येतं की बाईला स्वतःचं नाव मिळालं की ती थोडी अधिक माणूस होते. 'मकबूल' सिनेमातली निम्मी आठवा, तिथली लेडी मॅक्बेथ.


शेवंता_

इतका वेळ नुसती वाचत होते. मला त्या पदरातल्या लहान मुलाबद्दल विचारायचं आहे. नाटकात ती म्हणते मी मुलाला पाजलेलं आहे, आणि मॅकडफ की कोण म्हणतं त्याला मुलं नाहीत. यावरून कॉलेजात आमच्या वर्गात चांगलंच जुंपलं होतं.


पानगळ (धागाकर्ती)

@शेवंता_, त्या मुलाचं नाव लुलाख. ग्रुओखला गिला कोमगाइनपासून झालेला, म्हणजे मॅक्बेथचा सावत्र मुलगा. नाटकातलं कोडं (तिने पाजलंय, त्याला मूल नाही) इतिहासात आपोआप सुटतं. शेक्सपिअरला हे कळायला मार्ग नव्हता, होलिनशेड तिच्या पहिल्या लग्नाबद्दल काही सांगत नाही. तरी दोन्ही वाक्यं नाटकात आहेत आणि दोन्ही त्या घराला लागू पडतात.

नाटकात डन्सिनेनला सगळं संपतं. प्रत्यक्षात १०५४ मध्ये नॉर्थम्ब्रियाचा अर्ल सिवर्ड चालून आला, मॅक्बेथ हरला, पण मेला नाही. (सिवर्डचा मुलगा त्या लढाईत पडला, आणि जखमा छातीवर होत्या ना, हा बापाचा प्रश्नही जुन्या इतिहासातूनच आलाय. नाटकात त्याला नुसतं 'धाकटा सिवर्ड' म्हणतात, खरं नाव ऑस्बर्न.) मॅक्बेथ पुढची तीन वर्षं राजा राहिला. १५ ऑगस्ट १०५७ ला लंफॅनन इथे माल्कमच्या लोकांनी त्याला मारलं. डंकन मेला १४ ऑगस्टला, हा १५ ला. त्यानंतरसुद्धा माल्कम लगेच राजा झाला नाही! स्कोनला राज्याभिषेक झाला तो लुलाखचा. सात महिन्यांनी, मार्च १०५८ मध्ये, तोही मारला गेला. नंतरच्या इतिहासकारांनी त्याला 'खुळा' ठरवून टाकलं. हरलेल्याचं टोपणनाव जिंकलेल्याचे लोक ठेवतात, त्यामुळे त्यावर किती विश्वास ठेवायचा ते आपण ठरवावं.

ग्रुओखचं पुढे काय झालं, याची नोंद नाही. रात्री मेणबत्ती घेऊन हिंडणं, हात चोळणं, हे सगळं शेक्सपिअरचं, होलिनशेडमध्ये त्याचा मागमूस नाही.


घाटावरचा

बरं, बसलोच आहे तर विचारतो. डंकनचा दुसरा मुलगा डोनलबेन आयर्लंडला पळतो तो परत येतच नाही नाटकात. शेवटच्या लढाईत लेनॉक्स की कुणी म्हणतं तो आलेला नाही. त्याचं काय झालं?


शिलालेख

@घाटावरचा, चांगला प्रश्न. डोनलबेन हे एक नाव नव्हे. डोनल्ड हे नाव आणि 'बान' म्हणजे गोरा हे विशेषण, दोन्ही जोडून छापलेलं.  भावाचं नाव माल्कम, मुळात माएल कोलुम, सेंट कोलंबाचा दास. रामदास, कृष्णदास यांच्या पठडीतलं.

माल्कमने ३५ वर्षं राज्य केलं. त्याची दुसरी बायको मार्गारेट इंग्लंडच्या जुन्या राजघराण्यातली, पुढे संत झाली. तिच्या मुलांची नावं बघा: एडवर्ड, एडमंड, एथेलरेड, एडगर, अलेक्झांडर, डेव्हिड. एकही गेलिक नाही. १०९३ मध्ये माल्कम मारला गेला तेव्हा म्हातारा डोनल्ड बान आला, गादीवर बसला आणि भावाच्या दरबारातल्या इंग्रजांना त्याने हाकलून दिलं. पुतण्यांशी भांडणात एकदा पायउतार झाला, परत आला, आणि १०९७ मध्ये पुतण्या एडगरने त्याला कायमचा उतरवून आंधळं केलं. आयोना बेटावर पुरलेला तो शेवटचा स्कॉट राजा म्हणतात. नाटकात डंकनचं प्रेत जिथे नेतात ते कोमकिल म्हणजे हेच बेट.


घाटावरचा

म्हणजे खरं नाटक मॅक्बेथ मेल्यावर सुरू होतं. पानगळताई, डोनल्ड बानवर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.


तिखटमीठ

दुसरा माझा.